पिकाचा धनी आणि बाबांची वांगी

मला इंग्रजी येत नव्हतं, आणि मी दुभाष्याचं काम पत्करलं. बारावीत या विषयानं मला दोनदा आपटलं होतं. पण ही बातमी गावात पोचता पोचता तिचं रूपच पालटलं. "मायबाई, पोट्टा दोन-दोन डाव विंग्रजी शिकला!" असं आमच्या आळीतल्या बाया एकमेकींना सांगायच्या, आणि मी त्यांची चूक दुरुस्त केली नाही. माणसानं लोकांच्या श्रद्धेला उगाच धक्का लावू नये, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे. विशेषतः ती श्रद्धा आपल्यावर असेल तेव्हा.

आमचं घर रिसोडच्या अलीकडे, गाव संपून मळे सुरू होतात तिथं होतं. बाबा भाजीपाला पिकवायचे. विहिरीच्या अंगाला मेथी, कोथिंबीर, पालक, आणि उरलेल्या सगळ्या जागेत वांगी. नाल्यापलीकडे कोरडवाहू वावर, त्यात सोयाबीन. पहाटे आधी विहिरीवरची मोटर घरघरायची, मग परातीत मायच्या भाकरीचा थपथपाट सुरू व्हायचा, आणि त्यात मिसळून मळ्यातून बाबांचा आवाज यायचा. ते वांगी तोडताना वांग्यांशी बोलत. "ये बाई, कशी चकाकून राह्यली! थांब, तुले काटा नाई लागू देत." माझ्याशी ते कधी इतक्या मायेनं बोलल्याचं आठवत नाही. पण मी तितका चकाकत नव्हतो, हेही तितकंच खरं. घरात खायला अर्थातच वांगं. निखाऱ्यावर भाजलेलं, तेलात परतलेलं, चिंचगुळाच्या रश्श्यातलं. उन्हाळ्यात तर वाळवलेल्या फोडींचं. जोडीला भाकर आणि मायच्या हातचा भुरका. लसूण-तिखटावर कडकडीत तेल पडलं की त्याचा ठसका शेजारच्या घरात जायचा आणि तिथून शिवी परत यायची. आज डॉक्टरांनी मला तिखट बंद केलंय, तेल बंद केलंय, आणि वर सांगितलंय, वांगं खात जा, त्यात चोथा भरपूर असतो. त्यांना मी काय सांगणार!

सोयाबीन सोंगायला, म्हणजे कापायला, दर हंगामात मेळघाटातून कोरकू आदिवासी मजुरांची एक टोळी यायची. मळ्यात चिंचेखाली ताडपत्र्या ताणायच्या, तीन दगडांच्या चुली मांडायच्या, आणि हंगाम संपेपर्यंत आमच्यासकट आसपासच्या सगळ्यांची वावरं सोंगून मोकळी करायची. टोळीची मुकादम एक बाई होती, रामकली. अंगानं काटकुळी, आवाजानं टोळीएवढी. हिशोबाला, भांडणाला आणि पानतंबाखूला तीच पुढे. टोळी आपसात कोरकू बोलायची आणि आमच्याशी हिंदी. त्या हिंदीत आमची वऱ्हाडी इतकी मुरली होती की कोणाची कोणती ते ओळखू येत नसे. बाबा या टोळीचे अन्नदाते होते. हा शब्द त्यांचा स्वतःचा. बाजारातून परत आणलेली वांगी ते दर संध्याकाळी चिंचेखाली नेऊन ओतायचे आणि म्हणायचे, "घ्या. फुकट हाय. माह्या मळ्यात कोनी उपाशी नाई झोपत." टोळीतलं कोणी काही बोलत नसे. बाबा त्या गप्पपणाला कृतज्ञता समजत. आम्ही सगळेच समजत होतो.

अशातच लालभाऊ आला. खरं नाव लालथांगा; मिझोरमचा, तिशीतला, गोल चेहऱ्याचा, सदा हसरा. त्याच्या गावच्या चर्चमधल्या मंडळींनी त्याला मजुरांमध्ये धर्मकार्य करायला धाडलं होतं, आणि निरोप देताना बाया परदेशी जाणाऱ्याला रडावं तशा रडल्या होत्या. इकडे आमच्या गावानंही त्याला परदेशीच ठरवलं. तो छातीवर हात ठेवून सांगायचा, "हम भी इंडिया." त्यावर गुलाबराव, आमच्या बांधाशेजारचा शेतकरी, मला कोपर मारून विचारायचा, "मिझोरम म्हंजे जपानाच्या कोन्या अंगाले?" मी म्हणायचो, "थोडं अलीकडे." म्हणजे दोन्हीकडच्या लोकांच्या मते तो परदेशात होता, आणि मधल्या मधे तो आणि भारत सरकार एवढेच काय ते वेगळं म्हणत होते.

रिसोडला त्याला खोली मिळाली ती फुलचंदशेठच्या किराणा दुकानावर. शेठजी पक्के जैन. अट अशी की वर कांदा, लसूण, अंडं, मांस काही शिजणार नाही. डुकराच्या धुरावलेल्या मांसावर वाढलेला लालभाऊ ही अट मान्य करून बसला, आणि आठवड्याभरात त्याच्या गालाची हाडं दिसू लागली. शेठजींकडे वांगंसुद्धा चालत नसे. त्यात बिया फार, म्हणजे जीव फार. त्यामुळे जगात निदान एक तरी घर असं होतं जिथं वांग्याला बंदी होती, आणि लालभाऊ तिथून उठून जेवायला आमच्याकडे येत होता. नशीब म्हणतात ते हेच. मला हे दुभाष्याचं काम शेठजींनीच मिळवून दिलं. बाबा भाजी घालायला गेले तेव्हा शेठजी लालभाऊला म्हणाले, "इनका लडका कालेज में है, अंग्रेजी फाडफाड बोलता है." बाबांची छाती फुगली. मी मागे कोथिंबिरीची जुडी धरून उभा होतो. त्या क्षणी मी नुसतं 'नाही' म्हटलं असतं तर हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती. मी म्हटलं, "येस."

रविवारी संध्याकाळी टोळी काम उरकून, हातपाय धुऊन चिंचेखाली बसायची आणि लालभाऊ बोलायचा. तो एक वाक्य इंग्रजीत म्हणे, मी त्याची चार वाक्यं करत असे. पहिल्याच दिवशी तो 'सिन, सिन' असं कळवळून म्हणू लागला. मला वाटलं, वा, यानं आपली भाषा शिकायला घेतलेली दिसते. आमच्याकडे थकव्याला शीन म्हणतात. मी टोळीला सांगितलं, "तुमकू शीन आता ना, दिनभर कंबर वाकवके? तो वो समदा शीन देव के लेक ने अपने डोक्शे पे ले लिया."

रामकलीनं तोंडातला तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात नेला.

"समदा?"

"समदा."

"औरतों का भी?"

"औरतों का भी."

ती जरा विचारात पडली. "तो फिर उसका शीन कौन उतारता?"

हे इंग्रजीत कसं विचारायचं ते मला येईना. मी लालभाऊला म्हटलं, "शी लाइक्स." तो इतका खूश झाला की त्यानं माझा हात हातात घेऊन दाबला. पुढे कितीतरी वर्षांनी एका शिकल्यासवरल्या पाद्रीबाबांनी मला 'सिन' म्हणजे पाप हे समजावून सांगितलं. मी मान डोलावली. पण सोयाबीन सोंगून आलेल्या बाईला पापाचं काय पडलंय. त्या दिवशी ज्या जिनसाची गरज होती तो मी पोचवला, असं मला अजूनही वाटतं.

जेवायला तो आमच्या ओसरीवर बसायचा. एकदा माय परातीत पीठ घेत होती. लालभाऊ तिच्याकडे बघत राहिला, मग त्यानं मूठ मिटली, बाजूला उघडली, पुन्हा मिटली, आणि घाईघाईनं काहीतरी सांगू लागला. 'मदर', 'राइस', 'एव्हरी डे' एवढे शब्द माझ्या हाती लागले. मी मायला म्हटलं, "त्याच्या घरी लई गरिबी हाय. रोज मूठभरच भात भेटते." माय माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. ती त्याच्या मुठीकडे बघत होती. "गप रे तू," ती म्हणाली. "त्याची माय सैपाक करताना दरखेपी एक मूठ तांदूळ बाजूले काढते. गावातल्या समद्याच बाया काढत असतीन. त्याच्यावर याले इकडं धाडलं." लालभाऊला तिचं काही कळलं नव्हतं, पण तो जोरजोरात मान हलवत होता. मग मायनं त्याच्या ताटात वांग्याची भाजी वाढली आणि, पहिल्यांदाच, वाढताना तिचा हात जरा अडखळला. हे मला तेव्हा दिसलं, कळलं नाही. मी दुभाषी होतो, कळणं माझ्या कामात नव्हतं.

आता तो रविवार. बाबांचं सोयाबीन पिकून पिवळं, मग तांबूस झालं होतं. टोळी दुसऱ्यांची काही वावरं उरकून आली होती आणि सोमवारी आमच्यात विळा घालणार होती. ऊन कडक पडलं होतं. हे पीक वाळून उभं राहिलं की शेंगा उन्हात आपोआप तडकतात आणि दाणा मातीत जातो. म्हणजे वेचून आणणार कोण, आणि कशानं? वर्षाची कमाई एकेक दाणा करून जमीन परत घेते. बाबा म्हणूनच त्या दिवशी बांधावरून दोनदा फिरून आले होते आणि वांग्यांशीही बोलले नव्हते.

लालभाऊनं त्या दिवशी त्याच्या पोथीतला सुगीचा दाखला काढला. आणि काय सांगू, आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचा शब्द न् शब्द कळला! 'हार्वेस्ट', 'लेबर', 'लॉर्ड'. पहिले दोन तर खताच्या पोत्यांवर आणि कृषी खात्याच्या पत्रकांवरच असायचे, आणि लॉर्ड म्हणजे धनी हे मी बारावीत दोनदा घोकलं होतं. सुगी मोठी आहे, मजूर कमी आहेत, तर सुगीच्या धन्याची विनवणी करा, असं काहीसं तो म्हणाला. त्याच्या मनातला धनी आभाळात होता. पण आमच्याकडे धनी म्हणजे कोण हे शेंबडं पोरगंही सांगेल: सातबाऱ्यावर ज्याचं नाव तो. देव सातबाऱ्यावर नव्हता. बाबा होते.

मी उभा राहिलो. आवाज मोकळा केला. "सोंगनी लई है, मजूर कमती है," मी म्हणालो. टोळीतले सगळे सरसावून बसले. गोष्ट खरी होती आणि हंगामभर सगळे शेतकरी तेच बोंबलत होते. "इसलिए वावर का जो धनी है, उसको माँगो."

"क्या माँगो?" रामकलीनं विचारलं.

लालभाऊला विचारायला हवं होतं. पण मागच्या रविवारचं मला थोडं आठवत होतं, मागणाऱ्याला मिळतं आणि ठोठावणाऱ्याला उघडतं अशा अर्थाचं. ते मी पदरचं जोडून दिलं. "जो चाहिए वो माँगो. लाज नको. दरवाजा ठोको. धनी को देना पडता है, ऐसा किताब में लिखा है."

इतक्या एकचित्तानं त्या टोळीनं काहीच ऐकलं नव्हतं. लालभाऊच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढे दिवस मी पेरतोय आणि आज उगवलं, असं त्याला वाटलं असावं. वाटलं ते चूक नव्हतं.

सोमवारी पहाटे मोटर घरघरली, भाकरी थापली गेली, पण वावरातून विळ्यांची सरसर येईना. त्याऐवजी दारावर थाप पडली. आमच्याकडे दिवसा कोणी दार वाजवत नाही; दार उघडंच असतं, माणूस खाकरून आत येतो. बाबा दचकले.

"कोन हाय?"

"हम हैं, धनी."

"दार तं उघडंच होतं वं."

"बंद करके ठोका," रामकली म्हणाली. "बाबू ने बोला, ठोकना जरूरी है."

मागे अख्खी टोळी. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोरीकडे पाहिलं.

"धनी, हम माँगने आए. भटा बंद करो."

त्यांच्या हिंदीत वांग्याला भटा म्हणतात. बाबांना शब्द कळला होता, वाक्य कळत नव्हतं. "वांगं बंद करू? म्हंजे?"

"म्हंजे देना बंद करो. मेथी दो, मिर्ची दो, दाल दो. बाजार में जो बिकता है, उसमें से थोडा दो. जो नहीं बिकता, वो मत दो."

"अवं पन मी फुकट देतो ना!"

"फुकट है इसीलिए तो मना नहीं कर सके," रामकली म्हणाली. "इतने साल."

बाबांचा चेहरा असा झाला की जणू कोणी त्यांच्या वडिलांच्या फोटोवर थुंकलंय. "माह्या वांग्याले रिसोडच्या बाजारात नाव हाय, नाव!"

"नाव बाजार में है, धनी. कीडा हमारे हंडे में है."

भाव वाढवून मागितला असता तर बाबांनी घासाघीस केली असती आणि थोडा वाढवलाही असता. पण हे निराळंच होतं. "कायी देत नाई," ते ओरडले. "काम करा, नाईतं रस्ता धरा!" टोळीनं रस्ता धरला नाही आणि कामही धरलं नाही. ती चिंचेखाली जाऊन बसली. चुलीवर नुसती भाकर भाजली आणि मिठाशी खाल्ली.

ऊन चढलं तसा आवाज सुरू झाला. एक शेंग तडकते तेव्हा टिचकी मारल्यासारखं होतं. पण वावर तडकू लागलं की तापल्या तेलात कोणी मोहरी टाकावी तसं होतं, फक्त ही मोहरी थांबत नाही. बाबा बांधावर बसून ती फोडणी ऐकत होते. दर आवाजाला त्यांची पापणी हलायची. गावात दुसरी टोळी मोकळी नव्हती. ज्या होत्या त्यांच्यापर्यंत रामकलीची बातमी पोचली होती आणि त्यांनीही मागायला सुरुवात केली होती. एकीनं घोंगड्या मागितल्या, एकीनं रेडिओ. गुलाबरावच्या वाड्यावर तर मजुरांनी 'आम्हाला अरे-बे म्हणू नकोस' असं मागितलं, आणि ते त्याला सगळ्यांत महाग वाटलं.

मंगळवारी सकाळपासून गुलाबराव माणसं जमवत फिरत होता. "चिनी पाद्र्यानं मजूर फोडले! आज त्याले येष्टीत बसवून देऊ, अन् शेटले सांगू, खोली खाली कर." आज हे घडलं असतं तर माणसं जमवत फिरायची गरजच पडली नसती, मोबाईलवर दुपारपर्यंत दंगल उरकली असती आणि ती वांग्यावरून झाली हे कोणाला कधी कळलं नसतं. तेव्हा माणसाला निदान पायी फिरावं लागायचं, आणि पायी फिरताना राग थोडा निवतो. गुलाबरावचा निवला नाही. तो चालण्यात वाकबगार होता.

लालभाऊ दुपारच्या गाडीनं आला. चिंचेखाली टोळी बसलेली, बांधावर बाबा बसलेले, मधे मी. त्यानं मला विचारलं, "व्हॉट डिड यू टेल देम?"

"यू टोल्ड," मी म्हटलं. "आय टोल्ड."

"आस्क हूम?"

मी बोटानं बाबांना दाखवलं. त्यानं बाबांकडे पाहिलं, सोयाबीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे इतका वेळ पाहत राहिला की मला वाटलं, आता कानाखाली बसते. बसायला हवी होती. पण तो बांधावर गेला आणि त्यानं बाबांपुढे हात पसरला. दुसऱ्या हातानं कापण्याची खूण केली.

"याले काय पाह्यजे?" बाबांनी मला विचारलं.

"विळा."

"मले कापाले?"

"नाई. सोंगाले."

आता इथं लालभाऊनं डोंगरातल्या शेतकऱ्याच्या सराईत हातानं सपासप वावर सोंगलं, असं लिहायला मला आवडलं असतं. तो मास्तराचा मुलगा होता. त्यानं विळा ताटलीसारखा धरला. सोयाबीन मुळाशी धरून कापायचं असतं; त्यानं ते केस धरावे तसं शेंड्याला धरून ओढलं, त्यामुळे ज्या शेंगा अजून तडकल्या नव्हत्या त्याही तडकल्या. चिंचेखाली बाया आधी तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून हसायला लागल्या. बाबा दोन्ही हातांनी डोकं धरून ओरडत होते, "अरे याले थांबवा कोनी! याच्यापक्षा ऊन बरं!" आणि तेवढ्यात विळा त्याच्या बोटावरून गेला.

रक्त बरंच आलं. बाबा धावले. त्यांनी लालभाऊचा हात वर धरला आणि घराकडे हाक मारली. माय हळद घेऊन पळत आली, आणि नेमका त्याच वेळी नाल्याच्या अंगानं गुलाबराव त्याची माणसं घेऊन पोचला.

"हाच का तो?" गुलाबराव म्हणाला.

बाबांनी लालभाऊचा हात सोडला नाही. "व्हय, हाच. माह्या वावरात राबून राह्यला. तुमी आले का कोनी, कालपासून? शेंगा तुमालेबी आयकू येत असतीन!" गुलाबराव काहीतरी बोलणार होता, पण माणसं त्याच्या मागून बोटाकडे बघायला पुढे सरकली, आणि रक्त बघायला जमलेला जमाव माणूस हाकलायला उपयोगाचा राहत नाही.

मायनं बोटावर हळद दाबली, पदराची पट्टी फाडून बांधली. मग ती घराकडे वळायच्या ऐवजी चिंचेखाली गेली आणि रामकलीशेजारी खाली बसली.

"आता तुले काय झालं?" बाबा म्हणाले.

"मीबी मांगून राह्यली."

"काय?"

"वांगं बंद करा."

माय शांतपणे बोलली; ती कधीच ओरडत नसे, त्यामुळे आम्ही कधीच ऐकत नसू. "लगन होऊन आली तवापासून खाऊन राह्यली मी. मले कोनी इचारलं का, तुले आवडते का म्हून? नाई आवडत. मले घसा खाजते. अन् त्या पोराची माय मूठ मूठ तांदूळ काढून त्याले हितं धाडते, अन् आपून त्याच्या ताटात बाजारातून परत आलेलं वाढतो. मले लाज वाटते वाढाले."

बाबा माझ्याकडे वळले. "हे बी तुवाच शिकवलं?"

मी खरंच शिकवलं नव्हतं. पण माझ्या त्या हंगामातल्या सगळ्या कामगिरीत अभिमान वाटावा असं एवढंच होतं, म्हणून मी नाही म्हणालो नाही.

बाबा वावराकडे वळले. एक शेंग अगदी त्यांच्या पायाशी तडकली आणि दाणा उडून त्यांच्या पायताणावर पडला. त्यांनी तो उचलला, पुसला, खिशात टाकला. "बंद," ते म्हणाले. "आजपासून बंद. उठा आता, बायांनो."

रामकली त्यांचं वाक्य संपायच्या आत उठली होती. दिवस मावळेपर्यंत वावरभर विळ्यांची सरसर चालली होती. गुलाबरावनंही एक विळा उचलला, म्हणजे दुसऱ्या दिवशी टोळी आधी त्याच्या वावरात जाईल. आणि मजुरांशी बोलताना तो दरवेळी 'ब' पर्यंत येऊन थांबत होता. नाल्याकाठची बरीचशी पट्टी मात्र हातची गेलीच. पुढच्या पावसाळ्यात तिथं न पेरता सोयाबीन उगवलं, दाट, हिरवंगार, नको तिथं. आणि बाबा मला मुद्दाम ते उपटायला लावायचे. त्या रात्री मायनं कोंबडा कापला. लालभाऊनं पट्टी बांधलेलं बोट वर धरून दुसऱ्या हातानं जे काही खाल्लं, त्यावरून मला पहिल्यांदा कळलं की शेठजींच्या माडीवर त्यानं देवासाठी केवढा त्याग चालवला होता. परत जाताना त्यानं आमच्या विहिरीवर तोंड खळखळून धुतलं, राखेनं हात घासले, आणि जिन्यावर शेठजी भेटले तर श्वास रोखून धरायचा सराव माझ्यासमोर करून दाखवला.

त्या सगळ्या हंगामात टोळीतलं एकही माणूस ख्रिस्ती झालं नाही. धर्मांतर एकच झालं, ते बाबांचं. त्यांनी वांगी उपटली आणि भेंडी लावली. भेंडीशी ते कधी बोलले नाहीत.

पुढच्या रविवारी लालभाऊ नेहमीसारखा आला. चिंचेखाली हंड्यात मेथीची डाळ रटरटत होती. टोळी हातपाय धुऊन बसली. मी त्याच्या उजव्या हाताला उभा राहिलो, खाकरलो. तो पहिलं वाक्य बोलला. मी तोंड उघडलं, तर रामकलीनं हात वर केला.

"लालभाऊ, तुम बोलो. तुम्हारी बोली में ही बोलो. समझ में नहीं आया तो भी बैठेंगे." मग ती माझ्याकडे वळली. "और बाबू, तू सुन. तेरे बाप के भटे हम कीडे समेत खा लेंगे, पर तू बोलना मत."